मावशींचा तपकिरी एप्रन

मावशींबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल चार वाईट गोष्टी सांगाव्या लागतात, आणि ते मला अजिबात आवडत नाही. पण मावशींनीच बजावलंय, "लिहायचं तर सगळं लिहा भाऊ, नाहीतर राहू द्या." तेव्हा लिहितो.

मी एका लहानशा रुग्णालयात एक्स-रे काढतो. तीस वर्षं झाली. आणि दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा बायबलवर्ग घेतो. दोन्हीकडे माझं डोकं लवकर तापतं. श्वास रोखा म्हटल्यावर पेशंट खोकला की मी ओरडतो. वर्गात कुणी वचन चुकीचं सांगितलं की तिथेही ओरडतो, फक्त तिथे त्याला शिकवणं म्हणतात.

मावशी आमच्या विभागातल्या आया. सगळं रुग्णालय त्यांना मावशी म्हणायचं, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले मुख्य डॉक्टरसुद्धा. ठेंगण्या, रुंद पंजाच्या, कामाला वाघ. फरशी पुसणं, चादरी बदलणं, म्हाताऱ्यांना टेबलावर चढवणं आणि उतरवणं, हे त्यांचं कागदावरचं काम. खरं काम लहान मुलांचं. तापाने फणफणलेलं दीड वर्षाचं मूल त्या गार टेबलावर ठेवून बघा एकदा. असं भोकाड पसरतं की बाहेरच्या रांगेतली माणसं उठून उभी राहतात. मूल हललं की फोटो बिघडतो, बिघडला की पुन्हा काढायचा, म्हणजे त्या एवढ्याशा छातीवर पुन्हा किरणं. मावशी काय करायच्या, तर एका हातात दोन्ही मनगटं धरायच्या, दुसरा हात गुडघ्यांवर टाकायच्या आणि मुलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटायचं प्रार्थना करतात. एकदा जवळून ऐकलं तर सकाळपासून काय काय कामं केली त्याची हकीकत चालली होती. "मग मी बादली घेतली. मग काय, बादलीला भोक! मग दुसरी घेतली, तर तिची कडी गायब!" पुढे बादलीचं काय झालं हे ऐकायला मूल गप्प व्हायचं, आणि तेवढ्यात मी बटण दाबायचो.

नियमाने मूल आईने नाहीतर बापाने धरायचं असतं. रोज रोज एकाच नोकराने धरायचं नसतं. हा नियम मला तोंडपाठ होता. पण आई-बापांचे हात थरथरतात, ते स्वतःच रडायला लागतात, आणि मला त्यांचा राग येतो. मावशी धरायच्या तेव्हा पहिल्या फोटोत काम फत्ते. म्हणून मीच दारातून हाक मारायचो, "मावशी, या हो जरा."

आता एप्रनचं. आमच्याकडे शिशाचे दोन एप्रन होते. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत येणारे, जड, आतून शिशाचा थर आणि वरून जाड कापड. किरणं अडवायला तेवढाच आधार. एक नवा निळा, एक जुना तपकिरी. निळा माझा, तपकिरी मावशींचा. नीट ऐका हं, कारण हे मी एरवी कुणाला सांगत नाही. बटण दाबताना मी शिशाच्या भिंतीमागे असतो आणि जाड काचेतून बघतो. मावशी खोलीत, मुलाला धरून, यंत्राच्या नळीपासून दोन हातांवर. आणि चांगला एप्रन माझा! का, तर नवा आला तेव्हा खोका मी उघडला. बस, एवढंच कारण.

एप्रनचे पट्टे पाठीमागे बांधायचे असतात. ते स्वतःचे स्वतःला नीट बांधता येत नाहीत, दुसऱ्याने बांधावे लागतात. मावशी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि मी गाठ मारायचो. दिवसातून आठ-दहा वेळा, एकोणीस वर्षं.

त्या वर्षी मी वर्गात देवाच्या शस्त्रसामग्रीवर सहा धडे घ्यायचे ठरवले. बायबलमध्ये प्रेषित पौलाने तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आहे तो भाग. शिपाई अंगावर काय काय चढवतो ते एकेक घेऊन त्याने विश्वासणाऱ्यांना समजावलंय. कंबरेला सत्याचा पट्टा, उरावर नीतिमत्त्वाचं कवच, पायात शांतीच्या सुवार्तेचे जोडे, हातात विश्वासाची ढाल, डोक्याला तारणाचं शिरस्त्राण, आणि आत्म्याची तलवार. पत्रात कमरपट्टा पहिला येतो. मी तो शेवटी ठेवला. तलवारीवर तासभर बोलता येतं, पट्ट्यावर काय बोलणार? खरं बोला, संपला धडा.

तलवार झाली, शिरस्त्राण झालं, ढालीच्या दिवशी तर मी असा रंगलो की विचारू नका. ढाल कातड्याची असायची, भिजवून न्यायचे, पेटते बाण तिच्यात विझायचे, सगळं सांगितलं. चौथ्या रविवारी जोडे झाले आणि पाचव्या रविवारी कवच आलं. मी फळ्यावर शिपाई काढला होता. मागच्या बाकावरून मावशींनी हात वर केला. त्या दर रविवारी वर्गाला यायच्या, पण कधी बोलत नसत.

"भाऊ, हे कवच याला एकट्याला घालता येणार नाही."

"म्हणजे?"

"मागची गाठ कोण बांधणार? आपल्या एप्रनसारखंच असेल ना ते. दुसरा कुणीतरी लागणार. मला वाटतं, पौलाने हे एकाला नाही लिहिलं. सगळ्यांना मिळून लिहिलंय. म्हणजे याने त्याची बांधायची, त्याने याची."

दोघं-तिघं हसले. मला राग आला. खरं सांगायचं तर मला हे सुचलं नव्हतं, म्हणून राग आला. मी म्हणालो, "मावशी, मुद्दा गाठीचा नाही. मुद्दा आतल्या पवित्रतेचा आहे." आणि त्यांना गप्प करण्याच्या नादात पुढे बोलून गेलो. म्हणालो, "आमच्या विभागातलंच उदाहरण घ्या. शिशाचा एप्रन वरून धडधाकट दिसतो, पण आतल्या शिशाला तडा गेला तर तो नुसता ओझं. तडा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दरवर्षी मी प्रत्येक एप्रनचाच एक्स-रे काढतो. आतून तपासतो. तसं आपण आपलं अंतःकरण तपासलं पाहिजे!"

वा वा झाली. एका आजोबांनी तर वहीत लिहून घेतलं. माझी छाती अशी फुगली की त्या दिवशी माझाच एक्स-रे काढायला हवा होता.

खरी गोष्ट अशी, की तपासणीच्या नोंदवहीत दरवर्षी मी दोन बरोबरच्या खुणा करायचो, सही ठोकायचो आणि वही कपाटात टाकायचो. ही वही सुरू झाल्यापासून चार वर्षांत एकदाही एप्रनचा फोटो काढला नव्हता. काय होतंय त्याला, असं वाटायचं. आणि माझ्याशिवाय हे ओळखू शकेल असं जगात एकच माणूस होतं. जी बाई रोज सकाळी माझ्याआधी खोली उघडते आणि संध्याकाळी माझ्यानंतर बंद करते, ती. ती मागच्या बाकावर बसली होती.

वर्ग सुटल्यावर मावशी जवळ आल्या. येत्या शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी त्यांची सून लागणार होती. पोरगी हुशार, नुकतंच लग्न झालेलं, सासूसारखीच मोजकं बोलणारी. मुख्य डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, होकार दिला होता आणि सोमवारपासून ती कामावर यायची होती.

"भाऊ, ते एप्रनचे फोटो तुम्ही कधी काढता? मला कधी दिसलं नाही."

मी म्हणालो, "तुम्ही जेवायला जाता तेव्हा."

बघा, किती सहज आलं तोंडातून.

"मग यंदा माझ्यासमोर काढा. सून घालणार आहे आता तो. तिची पोरंबाळं व्हायचीत अजून. आतून एकदा बघितलं की जीवाला बरं."

सोमवारी म्हणालो गर्दी आहे. मंगळवारी म्हणालो फिल्म कमी आहेत. बुधवारी नुसता खेकसलो. गुरुवारी दुपारी रांग संपली, मी हात धुऊन आलो, तर मावशींनी तपकिरी एप्रन टेबलावर पसरून ठेवला होता. सुरकुती नाही की काही नाही. दोन्ही हात पोटाशी घेऊन शेजारी उभ्या होत्या, पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकासारख्या.

काढले फोटो. एप्रन मोठा, म्हणून चार फिल्म लागल्या. त्या उजेडाच्या पेटीवर लावल्या. शिसं असतं तिथे फिल्म पांढरी राहते, किरणं घुसतात तिथे काळी होते. वरचा भाग पांढराशुभ्र होता. पण कंबरेपाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर रुंदीची काळी रेघ. तिच्याखाली वीतभर अंतरावर दुसरी. बेंबीच्या वर एक आणि बेंबीच्या खाली एक.

हे कशाने झालं ते मला त्याच क्षणी कळलं. शिशाचा एप्रन दुमडायचा नसतो, टांगायचा असतो. दुमडला की आत तडकतो. 'एप्रन दुमडू नये' अशी पाटी आमच्या भिंतीवर आहे, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारलेली. मावशी दर वेळी तो जड एप्रन दोन्ही हातांनी उचलून हुकाला टांगायच्या. आणि दुपारी त्या जेवायला गेल्या की मी तो काढायचो, तीन घड्या घालायचो आणि स्टुलावर ठेवून त्यावर बसायचो. स्टूल टणक होतं हो. माझी कंबर दुखायची. निळा नवा होता, तो खराब होईल म्हणून तपकिरी. तीन घड्या म्हणजे दोन मोड. दोन मोड म्हणजे दोन रेघा. जिच्या भरवशावर ती बाई मुलं पोटाशी धरायची, त्या कवचावर मी वर्षानुवर्षं दुपारी बूड टेकून चहा पीत होतो.

मावशी पेटीजवळ आल्या. रेघेवर बोट ठेवलं. "हे काळं काय आहे, भाऊ?"

त्यांनी प्रश्न साधा विचारला होता. उत्तरही साधंच होतं. मी म्हणालो, "काही नाही. कापडाची चुणी आहे."

"चुणी होय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "मला आपली उगाच धास्ती."

त्यांनी एप्रन दोन्ही हातांनी उचलला आणि टांगला. मी फिल्म पाकिटात घातल्या आणि पाकीट कपाटाच्या तळाशी, जुन्या कागदांखाली सरकवलं.  त्या दिवशी एक लहान मूल आलं तेव्हा मावशी नेहमीप्रमाणे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि मी त्यांना तोच एप्रन बांधला. हे लिहिताना मला आत्ताही कुठे तोंड लपवावं कळत नाही. मला माहीत होतं आणि मी गाठ मारली. घट्ट मारली.

घरी बायकोने विचारलं, "जेवण का टाकलंत?" म्हणालो, पोट बरं नाही. ती म्हणाली, "पोट बरं नसलेला माणूस असा भिंतीकडे बघत बसत नाही." मी तिच्यावरही ओरडलो.

मग मी एक तोड काढली. म्हटलं, एप्रन गुपचूप बदलून टाकू. सुनेला निळा, तपकिरी मला. मी तर भिंतीमागेच असतो, मला काय होतंय! कुणाला काही सांगायची गरज नाही आणि पोरगी सुरक्षित. शनिवारी सकाळी खुशीत गेलो. म्हणालो, "मावशी, निळा तुमच्या सुनेला ठेवा. माझ्याकडून भेट समजा."

"अहो, काहीतरीच काय! निळा तुमचा. नवीन लागलेल्या पोरीने तुमचा एप्रन घातला तर लोक काय म्हणतील? आणि हे बघा तरी."

त्यांनी तपकिरी एप्रन वळवून दाखवला. जुने विरलेले पट्टे काढून नवीन पट्टे शिवले होते. जाड, दुहेरी कापडाचे, बारीक टाक्यांचे, टोकाला लाल दोऱ्याची छोटीशी नक्षी. शिवायला यंत्र चालत नाही, सुई शिशात शिरली तर छिद्र पडतं, म्हणून फक्त वरच्या कापडात हातशिलाई केली होती. रात्री जागून.

"एकोणीस वर्षं मला सांभाळलंय यानं," त्या म्हणाल्या. "आता तिला सांभाळेल. तिला सांगून ठेवलंय, निर्धास्त घाल, भाऊंनी आणि मी आतून बघितलाय."

भाऊंनी, म्हणजे मी. मी काय म्हणालो? "छान शिवलेत," म्हणालो.

दुपारी साहेबांनी निरोपाचे दोन शब्द बोलून मावशींना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी टाळ्या वाजवल्या. आता मध्ये फक्त रविवार उरला होता.

आणि रविवारी धडा कमरपट्ट्याचा. मीच ठेवला होता ना शेवटी! खोलीत नेहमीची तीसेक माणसं. मावशी आज पुढच्या बाकावर, शेजारी सून, तिच्या मांडीवर कोरी वही. सुरुवातीला कुणाला साक्ष द्यायची असेल, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं असेल, तर देता येते. मावशी उठल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"मला बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण काल माझं काम संपलं, तर देवाचे आभार मानते. मी त्या खोलीत किती पोरं धरली त्याची गणती नाही. लोक म्हणायचे, बाई, ती किरणं वाईट असतात, भीती नाही वाटत? नाही वाटली. आता परवा भाऊंनी मला माझा एप्रन आतून दाखवला. एवढ्या वर्षांनी अखंड. भाऊ दरवर्षी बघायचे, मला न सांगता. म्हणजे आपल्याला कळतही नसतं आणि आपल्या पाठीशी कुणीतरी राखण करत असतं. देवाने मला असा माणूस दिला. एवढंच."

त्या बसल्या. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, कौतुकाने. कुणीतरी मोठ्याने 'आमेन', म्हणजे 'हे खरंच आहे', म्हणालं. सगळे म्हणाले.

मीही म्हणालो. आमेन.

मग मी फळ्याकडे वळलो आणि लिहिलं, कमरपट्टा. हात आपोआप चालत होता, तोंडही. सांगितलं की शिपायाचा अंगरखा सैल असतो, तो पट्ट्याने आवळला नाही तर पायात अडकतो. तलवार पट्ट्यालाच लटकते. म्हणून पौल पट्टा पहिला सांगतो. बाकी सगळं त्याच्यावर बेतलेलं. बोलता बोलता नजर खाली गेली. सून वहीत लिहून घेत होती. शाळकरी पोरीसारखं, मान वाकडी करून, माझा शब्द न् शब्द. उद्या सकाळी आठ वाजता ही पोरगी माझ्याकडे पाठ करून उभी राहणार होती. आणि मी ते नवे पट्टे हातात घेऊन, लाल दोऱ्याची गाठ मारणार होतो.

खडू ठेवला. म्हणालो, "मावशी, ती चुणी नव्हती."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. त्यांना कळलं.

"तो तडा आहे. दोन आहेत. मी दुपारी एप्रन दुमडून त्यावर बसायचो, त्याने पडलेत. तपासणी मी कधी केलीच नाही. चार वर्षं वहीत खोट्या खुणा केल्या. परवा फोटो बघितला तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. उद्या सुनेला तो घालू देऊ नका."

माझा आवाज बारीक आला होता. तीस वर्षं लोकांवर ओरडलो, आणि त्या दिवशी तिसऱ्या बाकापर्यंत आवाज पोचेना. आजोबांनी कानाला हात लावून शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणतोय?" शेजाऱ्याने त्यांना ते पुन्हा सांगितलं, मोठ्याने, सगळं. मला ते उभं राहून ऐकावं लागलं.

मला वाटलं मावशी रडतील, नाहीतर उठून जातील. नाहीतर चार शिव्या देतील, त्या मी आनंदाने खाल्ल्या असत्या. त्यांनी सुनेची वही मिटली. माझ्याकडे बघितलं. आणि विचारलं,

"मग आत्ता आमेन का म्हणालात?"

रागाने नाही विचारलं. खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारलं. बाकीचं त्यांना समजत होतं. माणूस कंटाळा करतो, घाबरतो, एक खोटं झाकायला दुसरं बोलतो. पण त्या देवाचे आभार मानत असताना, तोंडासमोर, मी त्यावर शिक्का कसा मारला?    वर्ग तसाच सुटला, शेवटची प्रार्थना कुणी केलीच नाही.

सोमवारी सकाळी नोंदवही आणि त्या चार फिल्म घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. त्या वर्षी माझी ठरलेली बढती होती, ती गेली ती गेलीच. नवा एप्रन मागवला. मूल आई-बापानेच धरायचं, हा नियम खरोखरच लागू झाला. छातीवर लावायचा बिल्ला, ज्यावरून किती किरणं लागली ते कळतं, तो सुनेला मिळाला. तो मला पहिल्यापासून होता. मावशींना कधीच नव्हता. मीच कधी मागितला नाही, आयाला कशाला, म्हणून. डॉक्टरांनी मावशींना तपासलं, रक्त बघितलं, म्हणाले तब्येत उत्तम आहे, एवढ्याने सहसा काही होत नाही. मावशींनी विचारलं, "पण मला लागलं किती?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. बिल्लाच नव्हता तर सांगणार काय? ते आता कुणालाच कळणार नाही, त्यांनाही नाही, मलाही नाही.

तपकिरी एप्रन टाकून द्यायच्या आधी मावशी आल्या. पट्ट्यांचे टाके ब्लेडने एकेक करून उसवले, नव्या एप्रनला शिवले आणि सुनेला स्वतः बांधून बघितले. मी मदतीला हात पुढे केला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण मी दोन पावलं मागे सरलो.

वर्ग मी सोडला. आता आळीपाळीने सगळे घेतात. अर्धवट राहिलेला कमरपट्ट्याचा धडा लोकांनी मावशींनाच पुरा करायला सांगितला. त्या म्हणाल्या, "पट्टा वरच्या कवचाखाली झाकलेला असतो. सुटला तर समोरच्याला दिसत नाही. ज्याचा सुटला त्यालाच कळतं. म्हणून तो आपला आपण बघायचा. बाकीच्या गाठी दुसरे बांधतील." आणि बसल्या. माझ्या तासाभराच्या धड्यांत असं एक वाक्य निघालं नव्हतं. मी मागच्या बाकावरून ऐकलं, त्यांच्याच जुन्या जागेवरून.

वर्ष उलटलं. तपासणीचा दिवस आला. मी सुनेला म्हणालो, "घरी सांग, आज एप्रनचे फोटो आहेत." बोलावलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. अकरा वाजता मावशी दारात हजर. दोन्ही एप्रन टेबलावर पसरून मी फोटो काढले. फिल्म धुऊन आणल्या तशा त्यांनी माझ्या हातातून घेतल्या, स्वतः पेटीवर लावल्या आणि चष्मा चढवून बघायला लागल्या. कंबरेच्या जागी बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आधी सुनेच्या. मग माझ्या निळ्याच्या. मला विचारलं काहीच नाही. माझ्या शब्दावर आता त्या काही घेत नाहीत, आणि घेऊ नये.

"बरे आहेत," त्या म्हणाल्या. "वहीत लिहा."

मी लिहिलं. तेवढ्यात बाहेरून पेशंट आला, म्हातारा, तोल जाणारा. त्याच्याबरोबर कुणी नव्हतं, त्याला उभं धरायला मलाच आत जावं लागणार होतं आणि बटण सून दाबणार होती. मी निळा एप्रन अंगावर घेतला आणि सवयीने पट्टे मागे नेऊन चाचपडत राहिलो. मावशी पेटीपाशीच होत्या. त्या आल्या, पट्टे माझ्या हातातून घेतले आणि पाठीमागे गाठ बांधली. मीही त्यांची अशीच बांधायचो, एकोणीस वर्षं. त्यांनी मात्र आधी बघितलं होतं.